दारातली तांबडी धूळ

साखळी,
श्रावणातला दुसरा रविवार

प्रिय बाबल्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा माझं डोकं गाडीच्या डॅशबोर्डखाली होतं आणि पाय अंगणात. हिने फोन आणून कानाला लावला, पण तोंडात बॅटरी धरलेली, बोलणार कसा? म्हणून आज बसून लिहितोय. नाहीतरी फोनवर तू एवढंच विचारणार, "काय रे, भंगारवाल्याला घातलीस की नाही अजून?" त्याचं उत्तर एका वाक्यात देण्याजोगं नाही.

गाडी तू पाहिलेली नाहीस. फेब्रुवारीत घेतली, म्हापशाकडच्या एका गृहस्थाकडून. १९९९ सालची, कार्बोरेटरवाली. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोष तिचा नाही, वयाचा आहे, आणि गाडी खिडकीबाहेरच उभी आहे, उगाच तिला लागायचं. बेचाळीस हजार मोजले. गृहस्थ म्हणाले, "एकहाती गाडी, पर्वरीच्या बाहेर फारशी गेलीच नाही, पावसात तर आम्ही काढतच नसू." आरसीवर मालक क्रमांक तीन असं स्वच्छ लिहिलेलं मी वाचलं होतं. तरी समोर चहा आला होता, त्यांची आई सोप्यावर बसून हसत होती, मी मान हलवली. आणि पावसात न काढलेली गाडी म्हणे, गोव्यात! इथे वर्षाला शंभर-सव्वाशे इंच कोसळतो, त्यात चार महिने गाडी झाकून ठेवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

फेब्रुवारी ते मे गाडी देवासारखी चालली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि दोन रोग एकदम वर आले.

पहिला वासाचा. सकाळी दार उघडलं की ओल्या गोणपाटाचा भपकारा. पायाखालच्या गालिच्यावर हाताने दाबलं तर बोटांच्या मधून पाणी.

दुसरा जास्त भीतीदायक. हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा वर चढायचा. बेळगावला तुझ्याकडे यायला निघालो होतो ना, आणि "तब्येत बरी नाही" म्हणून परत फिरलो, ती तब्येत गाडीची होती. केरी मागे टाकून चोर्ल्याच्या घाटात शिरलो, धुकं आलं, दिवे लावले, आणि काटा थेट लाल रेघेवर. गाडी बाजूला घेतली. वाफ नाही, पाण्याची टाकी भरलेली, इंजिन शांतपणे फुरफुरतंय. तरी हिंमत झाली नाही. परत आल्यावर एका मेस्ताला, म्हणजे मेकॅनिकला, दाखवली. त्याने बॉनेट न उघडताच हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधली पट्टी, गेलं म्हणून सांगितलं, चौदा हजार. मी म्हटलं, विचार करतो. मग माझ्याच अकलेने थर्मोस्टॅट बदलला, काट्याचा सेन्सर बदलला. चौदाशे रुपये गेले आणि काटा होता तसाच.

उलगडा झाला तो अगदी फालतू गोष्टीवरून. एका संध्याकाळी डिचोलीहून येत होतो, टाकीत पाव भागच पेट्रोल. दिवे लावले, तर काटा अर्ध्यावर! दिवे लावल्यावर पेट्रोल वाढणारी गाडी आपल्याला मिळाली म्हणून मी दोन मिनिटं खूषही होतो. मग डोक्यात आलं, की दोन वेगवेगळे काटे एकाच वेळी खोटं बोलत असतील तर त्या दोघांत जे सामाईक आहे ते बिघडलेलं असणार. सामाईक म्हणजे अर्थिंग.

तू शाळेत विज्ञानाच्या तासाला झोपायचास म्हणून सांगतो. गाडीत करंट वायरीतून जातो, पण बॅटरीकडे परत येतो तो गाडीच्या पत्र्यातून. डॅशबोर्डमधली काळी वायर एका बोल्टने पत्र्याला आवळलेली असते. त्या बोल्टखाली गंज धरला, की करंटाला परतीची वाट बंद. मग तो शेजाऱ्याच्या अंगणातून पळतो, म्हणजे मीटरच्या दिव्यांचा करंट काट्यांच्या वायरीतून वाट काढतो आणि काटे उड्या मारतात. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी डॅशबोर्डच्या काळ्या वायरीला, आणि हिला म्हटलं, दिवे लाव. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं. मला दिसले १.९ व्होल्ट. हेड गॅस्केट म्हणे!

ती काळी वायर धरून खाली खाली गेलो. बोल्ट कुठे असावा? ड्रायव्हरच्या उजव्या पायाशी, बाजूच्या पत्र्याला, त्याच ओल्या गालिच्याच्या कडेखाली. हिरवट पांढरी भुकटी, आणि बोल्ट होता हे नुसतं आकारावरून ओळखायचं. पॉलिश पेपरने पत्रा चांदीसारखा होईपर्यंत घासला, नवा बोल्ट, दातेरी वॉशर, वरून पेट्रोलियम जेली. मीटर ०.०३. दिवे लावले, दोन्ही काटे जागच्या जागी. खर्च बारा रुपये.

पण बोल्ट परत सडणार होता, कारण पाणी येतच होतं. आता ते येतं कुठून?

सगळे सांगतात, पुढच्या काचेचं रबर. मीही तेच धरून बसलो होतो, रबर आणायला पणजीला जाणार होतो. त्याआधी एक गोष्ट केली ती बरी झाली. पुढच्या दोन्ही सीट काढल्या (चार-चार बोल्ट, त्यातला एक तुटला, तो वेगळा इतिहास), गालिचा काढला, खाली कोरडे वर्तमानपत्र अंथरले आणि टॉर्च घेऊन आत बसलो. हिने बाहेरून पाइप धरला. आधी पुढच्या काचेवर दहा मिनिटं. कागद कोरडा. मग टपावर. कोरडा. मग ड्रायव्हरच्या दाराच्या काचेवर, आणि मिनिटभरात दाराच्या आतल्या अस्तराखालून टप्‌ टप्‌. पहिला थेंब पडला तो बरोबर "पावसाने शंभरी गाठली" या मथळ्यावर. हिने तो कागद जपून ठेवलाय, तुला दाखवायला.

दाराचं अस्तर काढायचं तर आधी काच खालीवर करायचा हँडल काढावा लागतो, आणि त्याच्या मागे घोड्याच्या नालासारखी इवलीशी तारेची क्लिप असते. त्यावर स्क्रू ड्रायव्हर चालत नाही. फडक्याची पट्टी मागून घालायची आणि न्हाव्याने वस्तरा पाजळावा तशी इकडून तिकडे ओढायची. क्लिप आपोआप सुटते. सुटते म्हणजे उडते. ड्रायव्हरच्या बाजूची सापडली. डाव्या बाजूची कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत गेली, पोफळींना मिळाली.

आत काय दिसलं ते ऐक. काचेच्या फटीतून दारात पाणी शिरणं हे ठरलेलंच असतं. ते दाराच्या पोकळीतून खाली उतरतं आणि तळाच्या भोकांतून रस्त्यावर पडतं. आत येऊ नये म्हणून अस्तराच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. आमच्या गाडीत कोणीतरी, केव्हातरी, हौसेने मोठाले स्पीकर बसवले होते. त्यासाठी तो कागद ब्लेडने गोल कापला आणि उरलेला फाडून तसाच दारात कोंबला. बस्स. गालिचा भिजला, तळाचा पत्रा सडला, अर्थिंग गेलं, चोर्ल्याच्या घाटातून मी माघारी फिरलो, सगळं त्या एका ब्लेडमुळे.

आणि तळाची भोकं पूर्ण बुजलेली. खराट्याचा हीर घेऊन खालून टोचला. आधी काहीच नाही, मग एकदम काळ्या चहासारखं तांबूस पाणी भळभळलं, आणि त्याच्या मागून चिखल. मी तो बोटावर घेतला आणि बाबल्या, मी तिथेच बसून राहिलो. तू म्हणशील, तांबडी माती गोव्यात कुठे नाही? पण ही माती नव्हे रे. चिमटीत जड लागते, उन्हात चकाकते, बोटांवरून दोन दिवस जात नाही. तुझ्या बाबांच्या ट्रकच्या बॉनेटवर आपण बोटाने नावं लिहायचो, तीच. शाळेचे पांढरे शर्ट जिने चार महिन्यांत विटकरी केले, तीच. "पर्वरीच्या बाहेर गेलीच नाही" म्हणे. ही गाडी आपल्याच रस्त्यावरून, लोहखनिजाच्या ट्रकांच्या रांगेत अडकून, वर्षानुवर्षं फिरलेली आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मग सुरू झाल्या, २०१८ ला पुन्हा बंद, त्या आधीच्या कुठल्यातरी उन्हाळ्यातली ती धूळ दारात थर धरून बसली होती. मालक नंबर एक किंवा दोन आपल्याकडचाच कोणीतरी असणार. कदाचित आपण त्याला हातही दाखवला असेल.

त्या गृहस्थांवर मात्र मला राग येत नाही. त्यांनाही कोणीतरी चहा पाजूनच विकली असेल.

पुढचं थोडक्यात. जाड प्लास्टिक आणलं, पावसाळ्यात शेडीला लावतात ते, आणि ब्युटाइलची चिकट टेप. पहिल्या खेपेला मी खालची कड दाराच्या पत्र्यावर बाहेरून चिकटवली. पाणी प्लास्टिकवरून घसरून पुन्हा आतच. एक अख्खा रविवार फुकट. खालची कड दाराच्या पोकळीत आत खोचायची असते, म्हणजे पाणी आतल्या आत पडून भोकांकडे जातं. आता कळलं, आता दोन्ही दारं झाली.

तळाला ड्रायव्हरच्या टाचेखाली दोन बोटं जातील एवढं भोक होतं. एकाने सल्ला दिला, फायबर आणि पुट्टी मार, वर डांबर फास, कोणाला कळतंय. कळत नाही हे खरंच, तसंच तर ते माझ्यापर्यंत आलं. सीट आणि सीटबेल्ट जिथे आवळतात त्या पत्र्याला पुट्टी लावणारा माणूस माझ्या घरात जेवायला नको. गाडी हळूहळू वेल्डरकडे नेली, तिथे बॅटरीच्या वायरी सोडून सडलेला पत्रा कापून नवा तुकडा लावून घेतला. रेड ऑक्साइड आणि वरून डांबरी पेंट मी घरी मारला. मागचा ब्रेक गळत होता, त्याला मी हात लावला नाही. ते काम दुसऱ्या एका मेस्ताकडून करून घेतलं आणि समोर उभा राहिलो.

दुसरा गिअर अजून किरकिरतो. घड्याळ कायम साडेचार दाखवतं. स्पीकर काढून ठेवलेत, हवे असतील तर घेऊन जा, आवाज झकास आहे मेल्यांचा.

काल रात्री मुसळधार होता. साडेनऊला मुद्दाम गाडी काढली, वाळवंटी नदीच्या पुलापर्यंत जाऊन आलो, सगळे दिवे लावून, वायपर पूर्ण वेगात. घरी आल्यावर बूट काढून अनवाणी पायाने गालिचा चाचपला. हिने खिडकीतून विचारलं, काय करतोयस? म्हटलं, काही नाही.

गणेश चवथीला येणार आहेस ना? माटोळीचं, गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांचं, सामान आणायला यंदा आपल्या गाडीतून जाऊ, मागे जागा बरीच आहे. आणि येताना बेळगावच्या जुन्या स्पेअरपार्टच्या दुकानात काच फिरवायच्या हँडलच्या क्लिपा मिळतात बघ. दोन आण. डाव्या बाजूची काच सध्या मी पकडीने फिरवतोय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
भाई