चार शिखरांच्या दिवसाआधी

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला चार शिखरांचा आराखडा मी नकाशा शेजारी ठेवून तीनदा वाचला. तो मन लावून केलेला आहे आणि तुझ्याबरोबरचे दोघे चालायला पक्के आहेत, याबद्दल मला शंका नाही. तरीही त्यात एक चूक आहे, आणि आकडे कागदावर समोर असले की ते अधिक पटतात, म्हणून फोन न करता हे पत्र लिहीत आहे.

पायथा १,९०० मीटरवर आणि सर्वांत उंच असे तिसरे शिखर ३,१०० मीटरवर, म्हणून तू दिवसभराचा चढ १,२०० मीटर धरला आहेस. परंतु २,८०० मीटरच्या पहिल्या शिखरावरून तुम्ही २,५०० मीटरच्या खिंडीत उतरणार आणि तेथून २,९५० मीटरचे दुसरे शिखर चढणार. पुन्हा २,७५० पर्यंत उतरून ३,१०० गाठणार. मग २,९०० वरून ३,००० मीटरच्या चौथ्या शिखरावर जाणार. खिंडीत गमावलेली उंची प्रत्येक वेळी पायांनी परत कमवावी लागते. हे सगळे चढ मिळवले, तर बेरीज १,८०० मीटर होते, आणि तुम्ही पायथ्याशीच परतणार असल्यामुळे उतारही तितकाच.

आता वेळ पाहू. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरला जातो. तो मीटरमध्ये सांगायचा तर ताशी पाच किलोमीटर चाल, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास अधिक. तुमच्या २४ किलोमीटरला त्या हिशेबाने सात तास अठ्ठेचाळीस मिनिटे लागतात. पण त्यात थांबणे, खाणे, वाट शोधणे, घसाऱ्यावरून जपून उतरणे आणि उंचीवर मंदावणारा श्वास यांपैकी काहीही धरलेले नाही. मी अशा दिवसाला त्याच्या दीडपट वेळ धरते, म्हणजे पावणेबारा तासांच्या आसपास. तू सकाळी सातला निघून तीनला परतायचे लिहिले आहेस. माझ्या हिशेबाने दुपारी चारला तुम्ही अजून चौथ्या शिखरावरच असाल.

ही वेळ मला सर्वांत अधिक खटकते. ऊन चढते तशी तापलेली दमट हवा उतारांवरून वर सरकते, दुपारपर्यंत तिचे ढग होतात, आणि विजांचा गडगडाट बहुधा दुपारनंतरच सुरू होतो. त्या वेळी डोंगराच्या उघड्या धारेवर तीन माणसे हीच भोवतालची सर्वांत उंच वस्तू असते. म्हणून सातऐवजी पहाटे तीनला निघा. पहिला चढ ठळक पायवाटेचा आहे, डोक्याला बांधलेल्या विजेरीच्या उजेडात तो निर्धास्त चढता येईल. सातच्या सुमारास पहिले शिखर, साडेनऊच्या आत दुसरे, बाराला चौथे, आणि पावणेतीनपर्यंत पायथा.

यापुढचे मात्र मी आई म्हणून नव्हे, तर तीच चूक केलेली गिर्यारोहक म्हणून लिहीत आहे. तुझ्या वयाची असताना आम्ही चौघे अशाच एका धारेवर होतो. बाराला परत फिरायचे ठरले होते, पण बारा वाजता शेवटचे शिखर अर्ध्या तासावर दिसत होते, त्यामुळे परतण्याचा विषयही कोणी काढला नाही. तो अर्धा तास दोन तासांचा झाला. माथ्यावर पोहोचलो तेव्हा माझ्या हातावरचे केस उभे राहिले आणि काठीच्या टोकातून बारीक गुणगुण ऐकू आली. वीज पडण्याच्या बेतात असल्याची ती खूण होती. आम्ही धार सोडून उताराला धावलो, त्या घाईत एकीचा घोटा मुरगळला, आणि चौघांत एकच विजेरी असल्याने तिला आधार देत खाली यायला मध्यरात्र झाली. आम्ही वाचलो, पण आमच्या शहाणपणाचा त्यात काहीच वाटा नव्हता.

म्हणून परत फिरण्याची वेळ आणि जागा घरी बसून ठरवा. दमलेल्या माणसाला शिखर नेहमीच जवळ भासते, आणि तिघांपैकी कोणालाही 'परत फिरू' म्हणणारा पहिला व्हायचे नसते. माझ्या मते ती जागा दुसरी खिंड आहे. नकाशावर तिच्या दक्षिणेला डोंगराच्या सोंडेवर समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, विरळ आहेत, म्हणजे ती सोंड सौम्य उताराने दरीत उतरते; उत्तरेची घळ जवळची दिसली तरी तेथे रेषा एकमेकींना चिकटल्या आहेत, तिकडे जाऊ नका. दहापर्यंत त्या खिंडीत पोहोचला नाहीत, किंवा तोवर ढग उभे वाढताना दिसले, तर दक्षिणेच्या सोंडेने उतरा. वीज दिसल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला, तर ती साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजा आणि लगेच धार सोडा. एकाकी झाडाखाली किंवा उथळ कपारीत आसरा घेऊ नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर परतू नका.

उंचीचेही भान ठेवा. २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो, त्याचा तब्येतीशी संबंध नसतो. डोके दुखून मळमळू लागले, तर त्याला थकवा म्हणू नका. खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय आहे. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी घटते, म्हणजे तिसऱ्या शिखरावर पायथ्यापेक्षा जवळपास आठ अंश अधिक गारवा असेल, आणि वारा तो आणखी बोचरा करील. सुती कपडा घामाने भिजला की अंगातली ऊब ओढून घेतो. लोकरीचा किंवा चटकन वाळणारा घाला, आणि वारा अडवणारे जाकीट पिशवीत सर्वांत वर ठेवा.

धारेवर झऱ्याचा भरवसा धरू नये, म्हणून प्रत्येकाने तीन लिटर पाणी पायथ्यापासूनच न्यावे. तीन किलोचे ओझे होते, पण ते कमी करण्याचा मोह टाळ. खारट काहीतरी बरोबर असू द्या. शिट्टी पिशवीच्या तळाशी न ठेवता खांद्याच्या पट्ट्याला बांधा: मिनिटाला सहा वेळा वाजवून एक मिनिट थांबायचे, हा संकटाचा संकेत आहे, आणि मिनिटाला तीन हे त्याचे उत्तर. थंडीत फोनची बॅटरी लवकर उतरते, म्हणून नकाशाची छापील प्रत न्या. उताराला, विशेषतः शेवटच्या तासात, अंतर ठेवून सावकाश चाला. मांड्या थकलेल्या असतात आणि मन घरी पोहोचलेले असते, बरेच अपघात तेव्हाच होतात.

सुधारलेले वेळापत्रक मला शुक्रवारपर्यंत पाठव. त्यात प्रत्येक खिंडीपुढे परतीची वेळ लिहिलेली असावी आणि त्या वेळा तिघांनाही मान्य असाव्यात. संध्याकाळी सहापर्यंत मी तुझ्या फोनची वाट पाहीन. तोवर तो आला नाही, तर तेच वेळापत्रक हातात घेऊन मी बचाव पथकाला कळवीन.

तुझी,
आई