गाऱ्हाणं नीट घालायला शिकवलंस, बाय

बाय,

गणपतीला तू देवगडात आलीस पाच दिवसांसाठी, आणि त्यातली दीड रात्र माझ्या पेटीनं खाल्ली. तुझ्या आईचा राग अजून गेलेला नाही. समोर येऊन आभार मानले तर "काका, काय पण तुमचं" म्हणून उडवून लावशील, म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बर्फ कारखान्यात कुठल्या होडीनं किती लाद्या उचलल्या याची एक वही असते. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठली की आठवड्याभरात त्या वहीचा लगदा होतो. म्हणून मी सात इंची टचस्क्रीन आणि लिनक्सवर चालणारा छोटा संगणक-बोर्ड घालून एक पेटी केली. टीव्ही-मिक्सर दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस मी. तारा जुळल्या की झालं, एवढंच गणित. चित्र झकास उमटलं. बोट लावलं तर ढिम्म.

तीन आठवडे केबली बदलल्या, दुसरं पॅनेलही मागवलं. तू पेटी उघडलीसुद्धा नाहीस. खळ्यात बसून एवढंच विचारलंस, "काका, तिथे काय बसवलंय ते कर्नलला सांगितलंत का?"

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, सगळं हार्डवेअर तोच हाकतो. त्याला सांगायचं कशाला? यूएसबीचा माऊस लावला की तो आपलं नावगाव आपणच सांगतो. पण टचची चिप आयटूसी नावाच्या जोडणीच्या दोन तारांवर बसते, एक डेटाची आणि एक क्लॉकची. तिला तिच्या पत्त्यावर हाक मारल्याशिवाय ती तोंड उघडत नाही, आणि आपण कोण हे आपणहून सांगायची रीत तिच्याकडे नाही. म्हणून डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर काय कुठे बसलंय ते कर्नलला सांगणारी फाइल. पूर्वी ही माहिती बोर्डागणिक कर्नलच्या सी कोडमध्ये कोंबलेली असायची. एआरएम जातीच्या प्रोसेसरच्या बोर्डांची एवढी गर्दी झाली की २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स वैतागले, आणि मग ओपन फर्मवेअर या संगणक सुरू करणाऱ्या प्रणालीतली ही जुनी पद्धत तिथेही रुळली, हे तूच सांगितलंस.

माझ्या डोक्यात ते शिरलं दुसऱ्या सकाळी, आबा गणपतीपुढे गाऱ्हाणं घालत होते तेव्हा. बा देवा म्हाराजा, ह्या घरातलो अमको, मुंबैत असता तमको… देव सर्वज्ञ, तरी त्याला प्रत्येकाचं नाव घेऊन सांगायचं. कर्नल तर सर्वज्ञही नाही. मी सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणत होतो आणि मनात चिपचा पत्ता घोळत होता.

पत्त्याचीच तर गंमत होती. विकणाऱ्यानं दिलेल्या डिव्हाइस ट्रीच्या नमुना फाइलीत ५डी हा पत्ता होता (हेक्स, म्हणजे सोळावर चालणाऱ्या मोजणीतला). तू तारांवर कोण कुठल्या पत्त्याला आहे ते शोधणारं आयटूसीडिटेक्ट चालवलंस, तर चिप बसलेली १४ वर! आमची टचची चिप, गुडिक्स कंपनीची जीटी९११, रिसेटमधून उठताना आपल्या इंटरप्टच्या, म्हणजे कर्नलला "बोट लागलं" म्हणून हाक मारायच्या, पिनकडे बघते: पिनवरचा व्होल्टेज खाली असेल तर ५डी, वर असेल तर १४. आमच्या बोर्डावर ती पिन वर ओढलेली. मी लगेच फाइलीत १४ लिहायला निघालो. तू हात धरलास. "आज १४ आहे म्हणून १४ लिहू नका. रिसेटची पिन कुठली, इंटरप्टची कुठली, ते लिहा. मग ड्रायव्हरच चिपला हव्या त्या पत्त्यावर उठवेल." ड्रायव्हर म्हणजे कर्नलमधला ती चिप चालवणारा भाग. दोन ओळी वाढल्या, डीटीसी या प्रोग्रॅमनं फाइल पुन्हा बांधली, आणि बोटाचे स्पर्श दाखवणाऱ्या इव्हटेस्टवर आकडे धावले. त्या रात्री मला झोप नाही.

आता माझी लाज. केबल आखूड पडली म्हणून मी पॅनेल उलटं बसवलं होतं. चित्र फिरवून घेतलं, पण काच कुठे फिरते? वर उजवीकडे बोट ठेवलं की खाली डावीकडचं बटण दाबलं जायचं. मी शहाण्यानं प्रोग्रॅममध्ये १०२४ मधून एक्स वजा केला, ६०० मधून वाय, आणि तुला कौतुकानं दाखवला. तू हसली नाहीस, त्याबद्दल वेगळे आभार. म्हणालीस, "पॅनेल उलटं आहे ही लाद्यांची गोष्ट नाही, हार्डवेअरची आहे. तिथेच लिहा." डिव्हाइस ट्रीत दोन ओळी: टचस्क्रीन-इन्व्हर्टेड-एक्स आणि टचस्क्रीन-इन्व्हर्टेड-वाय, म्हणजे आडवं आणि उभं दोन्ही उलटं. माझं सगळं वजाबाकीचं भांडार तू माझ्याच हातानं पुसून घेतलंस.

तेव्हा मला कळलं की त्या फाइलीत हुकूम सोडायचा नसतो. बोर्डावर जे आहे, जसं आहे, तेच लिहायचं. मग आपला आळस असो की आखूड केबल.

पेटी कारखान्यात लागली आहे. ओल्या बोटांचं मात्र तू म्हणालीस तसंच झालं: पाण्याचा थेंब पडला की भलतंच बटण लागतं, आणि त्याला कुठलीच ओळ पुरत नाही. सध्या बाजूला पंचा टांगलाय. दुसऱ्या पेटीसाठी दाबावर चालणारा रेझिस्टिव्ह पडदा आणलाय, त्याची चिप वेगळी. मे महिन्यात आंब्याला येशीलच. तोवर तिचं गाऱ्हाणं मी स्वतः लिहून ठेवतो. तू नुसती वाच, आणि बरोबर असलं तरच "व्हय म्हाराजा" म्हण.

तुझा,
दुकानवाला काका