कुंकू पुसणारे रिटचिंग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यस्मरणाच्या पानावर सवाष्ण गेलेल्या बाईचा कृष्णधवल फोटो असतो. नथ दिसते, कानांतल्या कुड्या दिसतात, कपाळ मात्र कोरे. घरच्यांना वाटते, कुंकू छपाईत गेले. बहुतेकदा ते आधीच, संगणकावर पुसलेले असते. रंगीत फोटो कृष्णधवल करताना नुसता लाल चॅनल (फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी लाल) उचलला की त्वचा एका क्षणात नितळ दिसते, कारण पुटकुळ्या आणि डाग लालसर असतात आणि त्या चॅनलमध्ये ते आजूबाजूच्या त्वचेइतकेच उजळ होतात. लालभडक कुंकवाचेही तेच होते. यासाठी ब्लॅक अँड व्हाइट मिक्समध्ये नारिंगी पट्टी (स्लायडर) थोडी वर आणि लाल पट्टी खाली घ्यावी. त्वचा उजळ राहते, कुंकू गडद उमटते. लाल फार खाली नेली तर ओठ काळे पडतात, म्हणून उणे 20-30 वर थांबावे. तेवढ्याने भागले नाही तर कुंकवापुरता मास्क (बाकीचा फोटो झाकणारा पडदा) करून तेवढेच गडद करावे.

रंगीत फोटोत हाच घोळ अबोलीच्या बाबतीत होतो. माणूस सावळा असो की गोरा, त्वचेचा रंग नारिंगी पट्टीतच मोडतो. ‘जरा उजळ करा’ म्हटले की ती पट्टी वर सरकवली जाते, आणि केसांतला अबोलीचा वळेसर फिका पडतो, मंगळसूत्राचे सोने पितळेसारखे दिसू लागते. रंगाच्या पट्टीला हात न लावता कर्व्हज लेयरला (उजेड-सावली बदलणाऱ्या थराला) चेहऱ्यापुरता मास्क द्यावा आणि वक्ररेषेचा मधला भाग किंचित उचलावा. खरे तर उजळ करण्याचा हा सोसच नको; सावळा माणूस फोटोतही सावळाच दिसावा.

बरेच जण फाइल उघडली की थेट गाल घासायला लागतात. आधी रंग बसवायचा असतो. कुळागरात काढलेल्या फोटोत माडा-पोफळींची हिरवी झाक कपाळावर येते, तर बलकावातल्या (घरापुढच्या बैठकीच्या ओसरीतल्या) लाल जमिनीची झाक हनुवटीखाली. दोन्ही एकाच व्हाइट बॅलन्सने (संपूर्ण फोटोची रंगाची झाक काढणाऱ्या दुरुस्तीने) जात नाहीत. संपूर्ण फोटो कपाळाच्या हिशेबाने दुरुस्त करून हनुवटीखालची लाली ब्रशने वेगळी उतरवावी.

मग डाग. पंधरा दिवसांत आपोआप जाईल ते काढावे, आयुष्यभराचे ठेवावे, हा आमचा नियम. पुटकुळी, दाढी करताना कापलेले, डास चावल्याची गांधी जाऊ द्या. तीळ, जुना व्रण, देवीचे वण राहू द्या. नातवंडे आजोबांना त्यावरूनच ओळखतात. हीलिंग ब्रश नेहमी वेगळ्या रिकाम्या लेयरवर, फोटो 100 टक्के झूमवर पाहून, डागापेक्षा किंचित मोठा घेऊन चालवावा. आपल्याकडच्या दमट हवेत कपाळ आणि नाक हमखास चकाकते. चकाकी पार पांढरी झाली असेल तर तिथे तपशील उरलेलाच नसतो. हायलाइट खाली ओढला की राखाडी ठिगळ दिसते. शेजारच्या त्वचेचा रंग घेऊन डार्कन मोडमध्ये 10-15 टक्के अपारदर्शकतेचा मऊ ब्रश फिरवावा.

फ्रीक्वेन्सी सेपरेशनवर सगळ्यांचा भारी जीव, आणि मैद्याच्या गोळ्यासारखे चेहरे बहुतांशी त्यातूनच निघतात. फोटोचे दोन लेयर करायचे: खाली रंग-छाया, वर त्वचेचा पोत. खालचा लेयर गॉसियन ब्लरने इतकाच धूसर करावा की त्वचेची छिद्रे जातील, पण पापणीचा आकार कळेल. 24 मेगापिक्सेलच्या जवळून काढलेल्या चेहऱ्याला 8 ते 10 पिक्सेल, चेहरा लहान असेल तर 3-4 पुरतात. वरच्या लेयरला फोटोशॉपच्या अप्लाय इमेजमध्ये 8 बिट फाइलसाठी सबट्रॅक्ट, स्केल 2, ऑफसेट 128, आणि ब्लेंड मोड लिनियर लाइट. त्यानंतर खालच्या लेयरवर काम करताना जबड्याची कड किंवा केसांची रेघ ओलांडली की मळकट किनार उमटते. घाई नसेल तर हे सगळे सोडून 50 टक्के राखाडी भरलेल्या सॉफ्ट लाइट लेयरवर 2-3 टक्के फ्लोने हलकेच डॉज-बर्न (हवे तिथे उजळ, हवे तिथे गडद) करावे. वेळ जास्त लागतो, पण चेहरा माणसाचाच राहतो.

डोळ्यांचे पांढरे जेमतेम उजळावे. कोपऱ्यांतली लाली कमी केली तरी पुरते. लिक्विफायने (आकार ओढून बदलणाऱ्या साधनाने) गाल आत घेताना मागे पाहावे. शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी असेल तर तिच्या सरळ पट्ट्या वाकतात आणि चोरी उघडी पडते. पासपोर्टच्या फोटोला यातले काहीही लावू नये, अर्ज अडतो.

वृत्तपत्रासाठी शेवटची पायरी वेगळी. न्यूजप्रिंटवर शाई पसरते. 50 टक्के जागा भरणारा ठिपका 75 टक्क्यांच्या आसपास छापला जातो. म्हणून स्क्रीनवर चांगला दिसणारा सावळा चेहरा कागदावर काळवंडतो. मधल्या छटा उचलाव्या, डोळ्यांच्या खोबणी मोकळ्या कराव्या, आणि शार्पनिंग अगदी शेवटी, छापायच्या आकारात आणल्यावर, डोळ्यांना किंचित जास्त वाटेल इतके करावे.

जाहिरात विभागाला एक विनंती. चार बाय पाच सेंटीमीटरच्या फोटोला 200 डीपीआयने (इंचाला 200 ठिपके) 315 बाय 394 पिक्सेल लागतात, तेवढे कुठल्याही मोबाईलमध्ये असतात. फोटो बिघडतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर चार हातांतून फिरल्याने. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एवढी एक ओळ जाहिरातीच्या अर्जावर छापावी. भिंतीवरच्या तसबिरीवरून फोटो घ्यायचा असेल तर फ्लॅश बंद ठेवून खिडकीच्या कडेच्या उजेडात घ्यावा. पावसाळ्यातल्या दमटपणाने फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नये, चेहरा काचेवरच राहतो. काचेत प्रतिबिंब पडू नये म्हणून मोबाईलच्या मागे काळे कापड धरून काचेसकटच टिपावा.

आपले,
फोंड्यातील दोन छायाचित्रकार