फॉरमॅट करू दिलं नाहीत, त्याबद्दल

ताई,

सप्रेम नमस्कार. नाव लिहायचं नाही अशी तुमची अट आहे, म्हणून नुसतं ताई. पत्र उघड लिहितोय, कारण तुम्ही आमच्या हार्ड डिस्कचं दुखणं ज्या क्रमाने तपासलंत, तो क्रम आणखी कुणाच्या उपयोगी पडला तर पडू दे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या गटाची एक 2 टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे. तिच्यावर मुलाखतींचे व्हिडिओ, ध्वनिमुद्रणं आणि जुन्या कागदपत्रांची स्कॅन केलेली पानं असतात. काहीजण मॅकवर काम करतात, काही विंडोजवर, त्यामुळे ती एक्सफॅटमध्ये, म्हणजे दोन्हीकडे वाचता-लिहिता येणाऱ्या पद्धतीत, फॉरमॅट केलेली. सगळे फोल्डर निवडून बेरीज पाहिली तर जेमतेम 1 टीबी, आणि डिस्क म्हणते जागा संपली. ज्याला विचारावं तो एकच इलाज सांगायचा: फॉरमॅट मारा, नव्यासारखी होईल.

तुम्ही जागेबद्दल विचारलंच नाहीत. तुमचा पहिला प्रश्न होता, "यातलं दुसरीकडे कुठे नाही असं काय काय आहे?" ताज्या मुलाखती फक्त तिथेच होत्या. "मग त्या बाहेर येईपर्यंत तिच्यावर काहीही लिहायचं नाही. नवी कॉपी नाही, डिलीट नाही, चेकडिस्कसुद्धा नाही."

चेकडिस्कला तुम्ही का अडवलंत हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ते तर विंडोजचं डिस्कदुरुस्तीचं साधन! तुमचं उत्तर मी मित्रांना अजून ऐकवतो: ते फाइल सिस्टिमचा, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे या नोंदींचा, हिशोब जुळवतं, तुमच्या फाइल्सची काळजी त्याला नाही. त्याच्या आदेशापुढे '/f' दिलं की ते डिस्कवर बदल करतं. '/R' दिलं की एकेक सेक्टर, म्हणजे डिस्कचा एकेक छोटा तुकडा, वाचत सुटतं. डिस्क आतून खराब होत असेल तर एवढ्या वाचण्यानेच ती कायमची बसू शकते.

म्हणून आधी तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून तुम्ही मला तीनच ओळी बघायला लावल्यात: 05, C5 आणि C6. पहिल्या ओळीत खराब ठरवून बदललेले सेक्टर, दुसऱ्या ओळीत वाचता न आल्यामुळे निर्णय लटकलेले, आणि तिसऱ्या ओळीत दुरुस्त न होणारे. तिन्हींचे आकडे शून्य होते. डिस्कमधून टकटक आवाजही येत नव्हता. मधूनच कनेक्शन तुटायचं, त्याचं कारण यूएसबी हब निघालं. डिस्क थेट लॅपटॉपच्या यूएसबी 3.0 पोर्टला लावली आणि तो त्रास थांबला. (डिस्कला चालायला यूएसबी 2.0 वर 500 मिलिअँपिअर आणि 3.0 वर 900 मिलिअँपिअर वीज मिळते, हे सांगताना तुम्ही भलत्याच खुशीत होतात.) मग मुलाखती दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या आणि त्यातल्या काही उघडून, मधूनमधून चालवून पाहायला लावल्यात. कॉपी झाली म्हणजे सुखरूप झाली असं नसतं, हे तुमचं म्हणणं.

एवढं झाल्यावर कुठे आपण जागेकडे वळलो.

2 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 1.81 टीबी दिसते, ही तक्रार तुम्ही एका वाक्यात निकालात काढलीत. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या पटीत. मॅक कंपनीसारखंच मोजतो, म्हणून तिथे ती पूर्ण 2 टीबी दिसते. यात हरवलेलं काही नाहीच.

खरी चोरी दोन ठिकाणी होती. छोटी आधी. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क' असे दोन आकडे असतात. माझं लक्ष कायम पहिल्यावर, आणि डिस्क भरते दुसऱ्याने. 32 जीबीपेक्षा मोठ्या डिस्कवर विंडोज एक्सफॅट करतं तेव्हा क्लस्टर, म्हणजे जागा वाटून देण्याचा सगळ्यात लहान खण, सहसा 128 केबीचा ठेवतं आणि एका क्लस्टरमध्ये दोन फाइल्स राहत नाहीत. म्हणजे एका सुईसाठी कपाटाचा अख्खा खण. आमच्या स्कॅनिंगमधून प्रत्येक पानामागे एक इवलीशी मजकुराची फाइल तयार होत होती. अशा एक लाख फाइल्स धरा, प्रत्येकी 4 केबीच्या: मजकूर 400 एमबीच्या आत, पण डिस्कवरची जागा 12 जीबी. या फाइल्स आम्ही वर्षवार झिप करून टाकल्या.

मोठी चोरी '.ट्रॅशेस' नावाच्या फोल्डरमध्ये सापडली. मॅकवरून एक्स्टर्नल डिस्कवरची फाइल डिलीट केली की ती त्याच डिस्कवरच्या या लपलेल्या फोल्डरमध्ये जाते आणि ट्रॅश रिकामा करेपर्यंत जागा अडवून बसते. विंडोजचं रिसायकल बिनही तसंच वागतं. एडिटिंग झालं की कच्चे व्हिडिओ काढून टाकायचे, ही आमची रीत. ते सगळे तिथे शाबूत होते. विंडोजमध्ये 'हिडन आयटम्स'वर खूण केली आणि विनडिरस्टॅट या सॉफ्टवेअरने कशाने किती जागा खाल्ली याचा नकाशा काढला तेव्हा तो फोल्डर पडदाभर पसरलेला दिसला. मला हसावं की रडावं कळेना. तुम्ही मात्र शांतपणे विचारलंत, "मॅकवर लॉगिन किती जणांचे आहेत?" कारण त्या फोल्डरच्या आत प्रत्येक युजरचा वेगळा कप्पा असतो, त्याच्या क्रमांकाचा. एकाने ट्रॅश रिकामा केला तरी दुसऱ्याचा तसाच राहतो. हे आम्हाला कुणीही सांगितलं नसतं.

चेकडिस्क तुम्ही शेवटी चालवू दिलंत, सगळं दुसऱ्या डिस्कवर आल्यानंतर. हबच्या कृपेने मध्येच तुटलेल्या कॉपींचे काही तुकडे निघाले, त्यांनी थोडीशी जागा अडवली होती, तीही सुटली.

ताई, तुम्हाला फॉरमॅट मारायला सांगणं सगळ्यात सोपं होतं. डिस्क रिकामी झाली असती, मीही खूश झालो असतो आणि ट्रॅश पुन्हा भरेपर्यंत कुणाला काही कळलंही नसतं. त्याऐवजी तुम्ही तुमच्या सुट्टीच्या दिवशी फोनवर बसून माझ्याकडून एकेक आकडा वाचून घेतलात. मी मध्ये मध्ये घाई करत होतो, त्याला दाद दिली नाहीत. त्याबद्दल मनापासून आभार.

एका मुद्द्यावर आपलं अजून जुळत नाही. एक्सफॅटला जर्नल, म्हणजे होऊ घातलेल्या बदलांची नोंदवही, नसतं, केबल निसटली तर हिशोब सावरायला काही उरत नाही, म्हणून डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या, जर्नल असलेल्या पद्धतीत करा असं तुमचं मत. पण मॅक एनटीएफएस नुसतं वाचतो, त्यावर स्वतःहून लिहीत नाही, आणि आमचं निम्मं काम मॅकवर चालतं. म्हणून रोजची डिस्क एक्सफॅटच ठेवली आहे. विंडोजच्या कॉम्प्युटरला लावून ठेवायची दुसरी प्रत मात्र तुमच्या म्हणण्याप्रमाणे एनटीएफएसवर केली. यावर तुम्ही काय म्हणाल याचा अंदाज आहे. तरी फोन करा.

आपला,
हार्ड डिस्कवाला