क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र: श्वास रोखायच्या खेळाबद्दल टँकच्या बोर्डावर एक ओळ तरी लिहा

माननीय क्रीडामंत्री,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात माझी नऊ वर्षांची मुलगी सार्वजनिक स्विमिंग टँकमध्ये मैत्रिणींबरोबर खेळत होती, पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतं असा खेळ. मी काठावर बसून सेकंद मोजत होतो आणि खरं सांगतो, मला कौतुकच वाटत होतं. मग एका मैत्रिणीने आयडिया सांगितली की आधी दहा-पंधरा वेळा भराभर जोरात श्वास घ्यायचा-सोडायचा, मग खाली जास्त टिकता येतं, आणि माझी पोरगी तसं करून खाली गेली. वर आली व्यवस्थित. पण शेजारच्या लेनमधे पोहणारे एक वयस्कर कोच थांबले, सगळ्या पोरींना काठावर बसवलं आणि मला म्हणाले, साहेब हा खेळ परत खेळू देऊ नका, याच्यात पट्टीची पोहणारी मुलंसुद्धा जातात.

त्यांनी जे समजावलं ते मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून, ऑक्सिजन संपत आला म्हणून नाही. आधी भराभर श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड खाली जातो, ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही, म्हणजे धोक्याची घंटाच बंद पडते, मुलाला गुदमरल्यासारखं वाटतच नाही आणि ऑक्सिजन संपला की ते कसलीही सूचना न मिळता बेशुद्ध होतं. पुढचा श्वास मग पाण्यातच घेतला जातो. कमरेएवढ्या पाण्यातही हे होऊ शकतं.

आणि मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते सांगू? या खेळात तळाशी निपचित पडलेलं मूल हे जिंकत असलेल्या मुलासारखंच दिसतं. लाइफगार्ड बघून बघून काय बघणार, मैत्रिणी तर वरून आकडे मोजत असतात. तसंही बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवून बोलवत नाही, तोंड कसंबसं पाण्याच्या पातळीवर असतं आणि हात पाणी खाली दाबण्यात अडकलेले असतात. फ्रान्सेस्को पिया या अमेरिकन लाइफगार्डने हे वर्षानुवर्षं बघून लिहून ठेवलंय, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे हे सगळं २० ते ६० सेकंदांत आटोपतं. श्वास रोखण्याच्या खेळात तर एवढंही दिसत नाही. म्हणून मेल्याचं नाटक करून तरंगणं, खोटं खोटं वाचवा वाचवा ओरडणं हेसुद्धा बंद पाहिजे, कारण खरं कुठलं ते काठावरून कळायला हवं.

आमच्या टँकच्या बोर्डावर काय आहे? शॉवर घ्या, कॅप घाला, खाण्याचे पदार्थ आणू नका, आणि शेवटी "मस्ती करू नये". मस्ती म्हणजे काय ते नऊ वर्षांच्या मुलाला कसं कळणार? त्याच्यासाठी तो खेळ आहे. माझी विनंती एवढीच आहे की नियमात खेळांची नावं लिहा. श्वास रोखायची स्पर्धा नाही. एका श्वासात पाण्याखालून पलीकडे जायची पैज नाही. खांद्यावर बसून कुस्ती नाही, दुसऱ्याचं डोकं पाण्यात दाबणं नाही. उथळ बाजूला सूर नाही, आणि खोली किती ते काठावर मोठ्या आकड्यात रंगवा, कारण अमेरिकन रेड क्रॉस सूर मारायला किमान ९ फूट खोली सांगतं आणि मुलं चार फुटात डोकं खाली करून उडी घेतात, मान मोडली तर आयुष्यभराचं अपंगत्व येतं.

तळाच्या जाळीचंही बघा. पाणी ओढणाऱ्या तोंडावर बसून किती ओढतं ते बघायचं हा पण मुलांचा खेळच असतो, केस किंवा अंग अडकलं की मोठ्या माणसालाही ओढून काढता येत नाही. अमेरिकेत २००२ साली ७ वर्षांची एक मुलगी अशी गेली, त्यानंतर २००७ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला आणि सार्वजनिक पूलांना सुरक्षित झाकणं सक्तीची झाली. आपण अशा घटनेची वाट का बघायची.

मुलांचे खेळ बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. पाण्यात खेळूनच पोरांची भीती जाते, चेंडू, रिले, उथळ पाण्यातली पकडापकडी, सगळं खेळू द्या, त्यासाठी वेगळी वेळ आणि दोरी लावून वेगळी जागा ठेवा. त्या वेळेत लाइफगार्डला फक्त पाण्याकडे बघायचं काम द्या, त्याच वेळी शिकवणं, पावत्या फाडणं, फोन घेणं नको. पालकांनाही सांगा, दंडाला फुगे बांधले म्हणून मूल सुरक्षित होत नाही, लहान मुलाजवळ हात पोचेल इतक्या अंतरावर थांबावं लागतं. मीही त्या दिवशी काठावरच होतो.

२५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस, संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये ठरवलेला. त्या दिवसाच्या आत प्रत्येक सार्वजनिक टँकवर नवा बोर्ड लागेल असा आदेश काढा, आणि त्यात पहिली ओळ श्वास रोखायच्या खेळाची असू द्या.

आपला,
एका नऊ वर्षांच्या मुलीचा बाबा