भाकीत छापले कधी, तेही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवे वर्ष तोंडावर आले किंवा निवडणुका लागल्या की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत नॉस्ट्राडेमस आणि इंग्लंडची दंतकथेतली भविष्यवेत्ती मदर शिप्टन हमखास हजेरी लावतात. भाकीत छापले जाते, ते खरे ठरल्याचेही छापले जाते. पण ते पहिल्यांदा कोणत्या साली आणि कुठे छापून निघाले, याचा उल्लेख नसतो. राजकीय भविष्यांच्या जुन्या पुस्तिकांची सारी मेख त्या सालातच असते, म्हणून हा पत्रप्रपंच.

नॉस्ट्राडेमसचेच घ्या. त्याच्या चौपद्यांचा पहिला संग्रह १५५५ साली फ्रान्समधील ल्योन शहरात निघाला, त्यात ३५३ चौपद्या होत्या. तो १५६६ मध्ये वारला. मुखपृष्ठावर १५६८ साल असलेली एक आवृत्ती आहे, तिच्यात दोन चौपद्या जादा आढळतात. एकीत म्हटले आहे की पीटरच्या (म्हणजे पोपच्या) गादीवर इनोसंट बसेल, तेव्हा सिसिलीचा ‘निझाराम’ मोठ्या मानाला चढेल आणि मग यादवीच्या चिखलात पडेल. रोमन लिपीतली ही अक्षरे फिरवून लावली की फ्रान्सचा मुख्य मंत्री कार्डिनल माझारँ याचे नाव तयार होते. दहावा इनोसंट पोप झाला १६४४ मध्ये आणि माझारँविरुद्ध पॅरिस पेटले १६४८ मध्ये. ही आवृत्ती प्रत्यक्षात १६४९ ची, म्हणजे ऐन बंडाळीतली. साल तेवढे मुद्दाम मागचे टाकले. अशा मजकुराची एक खूण कायम लक्षात ठेवावी. एका ठरावीक वर्षापर्यंत तपशील बिनचूक आणि त्यानंतर सगळे मोघम असेल, तर मजकूर बहुधा त्या वर्षाच्या आसपासच रचलेला असतो.

मदर शिप्टनची आज माहीत असलेली पहिली पुस्तिका लंडनमध्ये १६४१ साली निघाली. राजा आठव्या हेन्रीचा मंत्री कार्डिनल वुल्झी यॉर्क शहराला पोहोचणार नाही, हे तिच्यातले गाजलेले भाकीत. वुल्झी वारला १५३० मध्ये, म्हणजे भाकीत छापून आले ते १११ वर्षांनी. घोड्यांवाचून धावणाऱ्या गाड्या आणि १८८१ मध्ये जगाचा अंत या ओळी त्या पुस्तिकेत शोधूनही सापडणार नाहीत. त्या चार्ल्स हिंडली याने १८६२ च्या आपल्या पुनर्मुद्रणात घुसडल्या आणि १८७३ मध्ये तसे कबूलही केले. आजही शिप्टनच्या नावावर फिरतात त्या बहुतेक याच ओळी.

शिप्टनची पुस्तिका नेमकी १६४१ मध्येच का निघाली, तेही पाहण्यासारखे आहे. त्या जुलैत इंग्लंडच्या पार्लमेंटने स्टार चेंबर हे न्यायालय मोडीत काढले आणि छापखान्यांवरचा धाक गेला. पुढल्या वर्षी राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध जुंपले आणि दोन्ही बाजूंनी ज्योतिषी उतरले. राजाच्या बाजूने जॉर्ज व्हार्टन, पार्लमेंटच्या बाजूने विल्यम लिली. चार्ल्स राजा ७ मे १६४५ रोजी ऑक्सफर्डहून फौजेनिशी निघाला, तेव्हा ग्रहमान राजाला अनुकूल असल्याचे व्हार्टनने छापले. लिलीने उलट भविष्य छापले. १४ जून रोजी नेझ्बीला राजाचा पुरता मोड झाला. आता मुखपृष्ठावर नुसते ‘१६४५’ असेल, तर पुस्तिका लढाईआधीची की नंतरची हे कसे कळणार?

ते कळते जॉर्ज थॉमसन या लंडनच्या पुस्तकविक्रेत्यामुळे. १६४० ते १६६१ या काळात त्याने बावीस हजारांहून अधिक पुस्तिका आणि बातमीपत्रे जमवली, आणि कितीतरी मुखपृष्ठांवर हाती आल्याची तारीख शाईने लिहून ठेवली. माझ्या मते या विषयात त्याच्याइतके उपकार कोणाचेच नाहीत. हा संग्रह आज ब्रिटिश लायब्ररीत आहे.

तारखा वाचताना मात्र सावध राहावे लागते. इंग्लंडमध्ये तेव्हा कायद्याने वर्ष २५ मार्चला पालटे आणि जुने ज्युलियन कॅलेंडर दहा दिवस मागे होते. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद तिथल्या कागदांत ३० जानेवारी १६४८ चा दिसतो, आपल्या हिशेबाने ते साल १६४९. ज्या ग्रहणाच्या भाकितांनी लंडन हादरले, ते तिथे २९ मार्च १६५२ चे, ग्रेगोरियन पद्धतीने ८ एप्रिलचे. सुरत आणि राजापूर वखारींची इंग्रजी पत्रे वाचणाऱ्या आपल्याकडच्या अभ्यासकांना हा घोळ चांगलाच परिचयाचा आहे. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही ज्युलियनच आहे. ग्रेगोरियन पद्धतीने तो दिवस १ मार्च येतो.

प्रत हातात असेल तर कागदही बोलतो. यातल्या बहुतेक पुस्तिका चौपत्री. एका तावाला दोन घड्या, चार पाने, आठ पृष्ठे. तावाच्या एका बाजूला १, ४, ५, ८ ही पृष्ठे छापायची, दुसऱ्या बाजूला २, ३, ६, ७. पान उजेडासमोर धरले की कागदाच्या साच्यातील तारांच्या लांब अंतरावरच्या रेघा दिसतात. चौपत्रीत त्या आडव्याच असायला हव्यात आणि जलचिन्ह (कागद बनवणाऱ्याची कागदातच उमटलेली खूण) शिलाईच्या घडीत दुभंगलेले. रेघा उभ्या आल्या तर पान दुसऱ्या घडीच्या पुस्तकातले किंवा मागाहून जोडलेले असण्याचा संभव. मुळीच रेघा नसलेला सपाट कागद सतराव्या शतकातला नव्हे, तो अठराव्या शतकाच्या मध्यानंतर आला. नुकसान बहुतेक वेळा बांधणीत होते. दहावीस पुस्तिका एकत्र बांधताना कडा कातरतात आणि तळाची प्रकाशकाची ओळ, तिथेच आगाऊ छापलेला पुढल्या पानाचा पहिला शब्द किंवा समासातली हस्ताक्षरातली तारीख कापली जाते. चित्रांच्या लाकडी ठशांवर तर विसंबूच नये. एकच ठसा छापखाने वर्षानुवर्षे वेगवेगळ्या पुस्तिकांत वापरत. तडे आणि झिजलेल्या कडा ताडून पाहिल्या तर कोणती छपाई आधीची ते कळू शकते.

संगणकावर दिसणाऱ्या प्रती बऱ्याचदा जुन्या मायक्रोफिल्मवरून घेतलेल्या असतात. त्यांत ना जलचिन्ह दिसते, ना पानाचा खरा आकार, आणि मागल्या पृष्ठाची शाई पुढे उमटून अक्षरांचा गोंधळ होतो. मजकूर वाचायला त्या पुरेशा आहेत, अस्सलपणा ठरवायला नाहीत.

या पुस्तिका भाकड म्हणून टाकून देण्याजोग्या नाहीत. युद्धाच्या धामधुमीत लोकांना कशाची भीती वाटत होती आणि ती भीती कोण वापरत होते, ते इतक्या थेट दुसरीकडे क्वचितच सापडेल. आपल्या पुरवणीने त्यांवर जरूर लिहावे. विनंती एवढीच की प्रत्येक भाकिताखाली पहिल्या ज्ञात छपाईचे साल, गाव आणि मजकूर कोणत्या आवृत्तीतून घेतला ते द्यावे. साल ठरलेले नसेल तर ‘साल अनिश्चित’ असे छापावे. त्याला पुरवणीतली एक ओळ पुरते.

आपला,
एक वाचक, पुणे