ठरवलं तर उठेल?

कुडाळ

प्रिय मन्या,

तुझा मेसेज वाचला. मेसेज कसला, निबंधच. फोन केला असता तर तू मला बोलू दिलं नसतंस आणि मी चिडलो असतो, म्हणून लिहायला बसलोय. दुपारी औषधांचं दुकान बंद असतं, वेळ आहे.

तुझ्या धाकट्या भावाला डिप्रेशन आहे असं त्याची बायको म्हणते, पण तुझ्या मते त्याला त्यातच बरं वाटतंय. मनावर घेतलं तर उद्या उठून कामावर जाईल. वर पुरावा जोडलायस : सकाळी हाक मारली तरी ओ देत नाही, पण संध्याकाळी बाहेर येऊन चहा पितो, पोरीशी चार शब्द बोलतो. मग सकाळचं नाटक नाही का?

अरे, हा पुरावा तुझ्यावरच उलटतो. पहाटे तीन-चारला जाग येणं, सकाळ सगळ्यात जड जाणं आणि दिवस कलताना जरा हलकं वाटणं, ही या आजाराची जुनी खूण आहे. नाटक करणारा माणूस सगळं घर झोपलेलं असताना कुणासाठी जागा राहील? तूच लिहितोस, शर्टाची बटणं लावताना मध्येच थांबतो आणि तसाच बसून राहतो. बांगड्याचं तिखलं पुढ्यात ठेवलं तरी दोन घास खाऊन 'चव लागत नाही' म्हणतो. पँट कमरेत सैल झालीय. तोंडाची चव कोण ठरवून घालवतं, सांग. डॉक्टर मंडळी अशी लक्षणं दोन आठवडे, जवळजवळ रोज दिसली की सावध होतात. तुमच्याकडे गणपतीपासून चाललंय.

आधी एक काम कर. त्याचं रक्त तपासून घे : थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह. थायरॉइड कमी पडलं तरी माणूस असाच मरगळतो, रडवेला होतो, विसरतो. माझ्या काउंटरवर हा प्रकार मी नेहमी बघतो. टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की चढणारा रिपोर्टातला आकडा, वाढलेलं निघालं की घरचे म्हणतात, 'अरेरे, बिचारी, आम्हाला कळलंच नाही!' रिपोर्ट नॉर्मल आला की त्याच बाईला म्हणतात, 'बघ, काही नाहीये तुला, उगाच करतेस.' बाई तीच, तिचे हाल तेच. कागदावरच्या आकड्याने फक्त घरच्यांचा सूर बदलला.

हो, डिप्रेशन दाखवणारी रक्ताची तपासणी नाही, हे तुझं खरं आहे. डिप्रेशन सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनामुळे होत नाही म्हणणारा, तू पाठवलेला तो फॉरवर्डही निव्वळ थाप नाही. 2022 साली जोअॅना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले आणि डिप्रेशन सेरोटोनिन कमी झाल्यामुळेच होतं याला भक्कम आधार मिळत नाही असं मांडलं. मेंदूत एक रसायन कमी पडलं की झालं डिप्रेशन, ही गोष्ट फारच सोपी करून सांगितली जायची, ती गेली ते बरंच झालं. पण कारण नीट सापडलं नाही म्हणून आजारच नाही, हा कुठला न्याय? घराण्यातून आलेला कल, बाळंतपण, कर्ज, दारू, एखादा मृत्यू, लांबलेलं दुखणं, कशाकशाची सरमिसळ असते. कधी वरकरणी काहीच नसतं, आणि त्यानेच माणसाला जास्त अपराधी वाटतं.

'आपल्या आयांनी काय कमी सोसलं?' हेही लिहिलंयस. सोसलं. पण वाडीत कुणी तरी दोन-दोन वर्षं माजघराबाहेर न आलेली काकी असायचीच की. तिच्या दुखण्याला नाव नव्हतं, एवढंच. आणि नाव द्यायचंच झालं तर आपल्याकडे एकच : 'ह्येका रत्नागिरीक धाडूक व्हयो.' मेंटल हॉस्पिटल तिथे आहे हे रत्नागिरीचं दुर्दैव.

आता तुझा मूळ मुद्दा, निवड. तो मी सगळा खोडत नाही, आणि ते सांगायला पलीकडे गोव्यात झालेलं काम सांगतो. 'संगात' ही तिथली संस्था, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांची. त्यांनी 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत चांगलंच डिप्रेशन असलेल्या लोकांवर एक प्रयोग केला, 2017 साली तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. एका गटाला केंद्रातले नेहमीचे उपचार, जरा सुधारून. दुसऱ्याला तेच, आणि वर सहा ते आठ बैठका. बैठका घेणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली तिथलीच साधी माणसं होती. तीन महिन्यांनी बैठकांच्या गटातले 64 टक्के लोक आजारातून वर आले होते, दुसऱ्यातले 39.

आणि त्या बैठकांचा गाभा काय होता? छोटी छोटी कामं करायला लावणं. अंघोळ, शेजारणीकडे जाऊन येणं, सुटलेलं भजन, परसातलं काम. इच्छा होईपर्यंत थांबायचं नाही. आधी हात हलवायचे, हुरूप मागून येतो.

तू म्हणशील, मग मी काय वेगळं सांगत होतो? 'ऊठ आणि कामाला लाग' हेच ना? नाही रे. तू त्याला सांगतोस जिमला जा, कामावर रुजू हो, दहा हजार पावलं चाल. ती माणसं विचारतात, आज यातलं काय जमेल? खालपर्यंत जाऊन दूध आणणं? बरं, तेवढंच. नाही जमलं तर का नाही जमलं ते बोलायचं आणि त्याहून लहान काम घ्यायचं. न जमण्याचा गुन्हा होत नाही. तुझ्याकडे तो होतो. सकाळी हाक मारून तू निघून जातोस आणि तो दिवसभर 'मी दादाच्या गळ्यातला धोंडा' एवढंच घोकत पडतो. निवड म्हणशील तर ती अशी आहे, दूध आणण्याएवढी. तीसुद्धा कुणी सोबत चाललं तर. आणि 64 म्हणजे 100 नव्हेत, हेही ध्यानात ठेव. एका वाटेने नाही उतरलं तर दुसरी धरावी लागते.

गोळ्यांबद्दल मात्र मी अधिकाराने बोलतो, उभा जन्म त्या विकण्यात गेलाय. या गोळ्या लागायला दोन ते चार आठवडे जातात, कधी जास्तही. त्रास पहिल्याच आठवड्यात : मळमळ, पोट बिघडणं, थोडी अस्वस्थता. म्हणजे गुण यायच्या आत अपाय दिसतो, आणि निम्मी पट्टी परत घेऊन लोक माझ्याकडे येतात, 'नको ही डोक्याची गोळी.' दुसरे बरं वाटलं की आपल्या मनाने बंद करतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची असते, आणि सोडायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, नाही नाही ते. काही जण मला पट्टीवरचं नाव खरवडून द्यायला सांगतात. मी देत नाही. कागदी पुडी देतो.

आणि गंमत बघ. 'सवय लागेल' म्हणून या गोळीला घाबरणारेच संध्याकाळी बिनचिठ्ठीचे येऊन हक्काने सांगतात, 'माका ती झोपेची गोळी दी रे.' सवय लागते ती तिची! तुमच्या त्या नेहमीच्या डॉक्टरांनी टॉनिकसोबत काय लिहून दिलंय त्याचा फोटो पाठव, मला शंका आहे.

आता जे सगळ्यात अवघड वाटेल ते. त्याला सरळ विचार, 'मरावंसं वाटतं का?' विचारल्याने विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो. तो गप्प बसला तर तूही बस, लगेच समजूत घालायला जाऊ नकोस. 'हो' म्हणाला तर त्या दिवशी त्याला एकटं सोडू नका आणि दुसऱ्या दिवसाची वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर 14416 लाव. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, चोवीस तास.

डोंबिवलीत मानसोपचारतज्ज्ञ मिळतील. नंबर दुपारनंतरचा घे, सकाळी तो जाणार नाही. सोबत तू जा. त्याच्या बायकोला एकटीला पाठवू नकोस, ती आधीच दमलीय. आत गेल्यावर तू कमी बोल, जमलं तर. घरी मेडिक्लेमची पॉलिसी असेल तर नीट वाच. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विम्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायला हवं.

दिवाळीनंतर त्याला चार दिवस इकडे पाठव म्हणालास. पाठव, पण डॉक्टरांना विचारून, आणि गोळ्या बरोबर देऊन. तुतारी एक्सप्रेसची तिकिटं लवकर काढ, मग मिळत नाहीत. इथे कुणी त्याला काही विचारणार नाही, आमच्या हिला सांगून ठेवलंय. सकाळी झोपून राहिला तर राहू दे, संध्याकाळी मी त्याला दुकानात बसवीन, पट्ट्या लावायला.

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझा,
सद्या

ता. क. रिपोर्ट आले की आधी डॉक्टरांना दाखव, मग मला. आणि टीएसएच नॉर्मल आलं तर त्याच्यासमोर 'बघ, काही नाहीये' असं म्हणू नकोस.